कान कुणाकडे, हात केव्हा

ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात तंबोरा अखंड वाजत असतो. गायक श्वास घेतो, पेटी दोन सुरांच्या मध्ये गप्प होते, तबलजी समेवर येऊन क्षणभर विसावतो; तंबोरा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच पातळीवर चालू राहतो, निदान राहायला हवा. पुष्कळ ध्वनिमुद्रणांत तो तसा राहत नाही. डग्ग्यावर थाप पडली की तंबोरा खाली बसतो आणि पुढच्या अर्ध्या-पाऊण सेकंदात पुन्हा फुगून वर येतो. कधी त्याच थापेबरोबर गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मधली आपली जागा सोडून एका बाजूला सरकतो. ऐकणाऱ्याला नेमके काय बिनसले ते सांगता येत नाही, पण थोड्या वेळाने ऐकण्याचा शीण येऊ लागतो. हा दोष गायकाचा नाही आणि माइकचाही नाही. कंप्रेसर नावाच्या उपकरणाने भलत्याकडे कान दिला आणि भलत्या वेळी हात हलवला, म्हणून हे घडले. कंप्रेसर आवाज किती दाबतो याची चर्चा फार होते. तो कुणाचे ऐकून दाबतो आणि किती वेळात दाबतो-सोडतो, हे दोन प्रश्न त्याहून मोठे आहेत. ते दोन वेगळे प्रश्न मानले जातात. माझ्या मते स्टिरिओ ध्वनिमुद्रणात ते एकच आहेत आणि त्यांचे उत्तरही एकत्रच द्यावे लागते.

आधी यंत्राची ओळख. टीव्हीवर जाहिरात लागली की आपण रिमोटने आवाज कमी करतो, संवाद सुरू झाले की वाढवतो. कंप्रेसर हेच काम न थकता, सेकंदात कितीतरी वेळा करतो. आवाज एका ठरावीक रेषेच्या वर गेला की तो कमी करायचा. ती रेषा म्हणजे थ्रेशोल्ड आणि कपातीचे प्रमाण म्हणजे रेशो. रेशो चारास एक असेल आणि आवाज रेषेच्या ८ डेसिबल वर गेला, तर बाहेर पडताना तो २ डेसिबलच वर राहतो, म्हणजे ६ डेसिबल कापले गेले. सहा डेसिबल कमी म्हणजे लहरीची उंची निम्मी. यंत्राच्या आत मात्र दोन निराळे भाग असतात. एक आवाज प्रत्यक्ष कमी-जास्त करतो. दुसरा, डिटेक्टर, फक्त ऐकतो आणि पहिल्याला हुकूम सोडतो. डिटेक्टरकडे जाणाऱ्या वाटेला साइडचेन म्हणतात, आणि त्या वाटेने जाणारा आवाज बाहेर ऐकू येणाऱ्या आवाजाहून वेगळा असू शकतो. डिटेक्टरने लहरीचे एकेक शिखर पाहायचे की काही काळातली सरासरी ऊर्जा, हाही निर्णयच आहे. डीबीएक्स कंपनीचे संस्थापक डेव्हिड ब्लॅकमर यांनी १९७० च्या दशकात सरासरी ऊर्जा मोजणारा डिटेक्टर रुळवला, कारण आपला कानही एखाद्या सुट्या शिखरावरून नव्हे, तर थोड्या अवधीतल्या ऊर्जेवरून आवाज मोठा की लहान ते ठरवतो. पण सरासरी म्हटली की ती किती अवधीची, हे सांगावेच लागते. म्हणजे ‘आवाज किती आहे’ या साध्या मोजणीतच वेळ शिरलेला आहे.

आता स्टिरिओकडे वळू. ॲलन ब्लूमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ च्या डिसेंबरात स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाची तालीम त्याने या पद्धतीने मुद्रित केली. दोन स्पीकरांच्या मध्ये काहीच नसताना तिथून आवाज आल्याचा भास होतो, तो मुख्यतः दोन्ही बाजूंच्या पातळ्यांच्या नात्यावर उभा असतो. दोन्ही चॅनलमध्ये सारखा आवाज असेल तर तो मधोमध दिसतो. एका बाजूला सहा-सात डेसिबल जास्त असेल तर तो मध्यापासून त्या स्पीकरपर्यंतच्या वाटेवर निम्म्याच्या आसपास सरकतो, आणि पंधरा-अठरा डेसिबलचा फरक पडला की पूर्ण त्या स्पीकरात जाऊन बसतो. सगळे चित्र या फरकावर आहे, आणि कंप्रेसरचे काम तर पातळी बदलण्याचेच.

समजा गायक मध्ये आहे, तंबोरा डावीकडे, तबला-डग्गा उजवीकडे. दोन्ही चॅनलवर दोन स्वतंत्र कंप्रेसर लावले आहेत. डग्ग्याची थाप रेषेच्या ८ डेसिबल वर गेली, उजव्या कंप्रेसरने ६ डेसिबल कापले. पण उजव्या चॅनलमध्ये डग्गा एकटा नाही, गायकाचा निम्मा आवाजही तिथेच आहे, आणि तोही ६ डेसिबलने खाली गेला. डावीकडचा निम्मा जागेवर राहिला. झाले, गायक डावीकडे सरकला. थाप विरली, कंप्रेसरने सोडले, गायक परत मध्ये आला. पुढच्या थापेला पुन्हा तेच. यावर उपाय म्हणजे स्टिरिओ लिंक: दोन्ही चॅनलना एकच हुकूम, जेवढी कपात उजवीकडे तेवढीच डावीकडे. मग पातळ्यांचे नाते टिकते आणि गायक जागेवर राहतो. मिक्समध्ये स्टिरिओ लिंक चालू ठेवावे हा सल्ला सगळीकडे मिळतो तो यासाठी, आणि तो बरोबरच आहे. मात्र तो दिला की विषय संपला असे धरले जाते, तिथेच खरा विषय सुरू होतो.

कारण एकच हुकूम म्हटले तरी तो कुणाच्या म्हणण्यावरून निघणार, हे ठरवावेच लागते. काही यंत्रे दोन्ही चॅनलपैकी जो मोठा त्याचे ऐकतात. काही दोन्ही लहरींची सरळ बेरीज करून ती डिटेक्टरला देतात. काही दोन्हींची ऊर्जा वेगवेगळी मोजून मग बेरीज करतात. ऐकताना हे तिन्ही प्रकार सारखे नाहीत. मध्ये असलेला गायक दोन्ही चॅनलमध्ये सारखाच असतो, म्हणून सरळ बेरजेत त्याचे वजन एकाच बाजूला असलेल्या तेवढ्याच पातळीच्या तबल्यापेक्षा ६ डेसिबलने वाढते. ऊर्जेच्या बेरजेत ते ३ डेसिबलने वाढते. ‘मोठा तो खरा’ या पद्धतीत दोघांचे वजन सारखे. म्हणजे थ्रेशोल्ड आणि रेशोची बटणे तशीच ठेवून नुसती डिटेक्शनची पद्धत बदलली, तर एका यंत्रात कंप्रेसर गायकाच्या तानेवर हलेल आणि दुसऱ्यात तबल्याच्या थापेवर. सरळ बेरजेत आणखी एक अडचण आहे. दोन चॅनलमध्ये एकमेकींच्या अगदी उलट असलेल्या लहरी बेरजेत शून्य होतात. कीबोर्डचे कृत्रिमरीत्या रुंद केलेले आवाज किंवा घुमाऱ्याचा काही भाग तसा असतो. तो खोली भरून ऐकू येतो, पण डिटेक्टर त्याच्या बाबतीत बहिरा राहतो. प्रसारणातला आवाज मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये जी पद्धत प्रसिद्ध केली, तिने ऊर्जेच्या बेरजेचाच मार्ग घेतला: प्रत्येक चॅनलची ऊर्जा स्वतंत्रपणे मोजायची आणि मगच मिळवायची. त्या मोजणीच्या आधी खर्जाचा भाग गाळून कमी केला जातो, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे, कारण कानाला खर्ज तितका मोठा वाटत नाही. डग्ग्याच्या बाबतीत हीच युक्ती कंप्रेसरला लागू पडते. साइडचेनच्या वाटेवर शंभर-दीडशे हर्ट्झच्या खालचे गाळून टाकले, तर ऐकणाऱ्याला डग्गा पुरा ऐकू येतो, पण डिटेक्टरच्या कानी त्याचा दणका पोचत नाही. मग स्टिरिओ लिंक असूनही प्रत्येक ‘घे’बरोबर गायक आणि तंबोरा दोघेही दबत नाहीत. लिंकमुळे जागेचा प्रश्न सुटतो, पण एकाच्या जोराची शिक्षा सगळ्यांना होते. ती शिक्षा हलकी करायची असेल तर कान कुणाकडे द्यायचा हे आपण ठरवायला हवे.

आता दुसरा प्रश्न, वेळेचा. त्याची दोन बटणे: दाबण्यासाठी अटॅक आणि सोडण्यासाठी रिलीज. अटॅकबद्दल एक समज फार पसरलेला आहे: १० मिलिसेकंद अटॅक म्हणजे कंप्रेसर १० मिलिसेकंद थांबतो आणि मग दाबू लागतो. तसे नसते. आवाज रेषा ओलांडताच तो दाबायला लागतो. ठरल्या कपातीचा मोठा हिस्सा गाठायला लागणारा वेळ म्हणजे अटॅक. हा हिस्सा कुणी एक धरतो, कुणी दुसरा, म्हणून एका कंपनीचे १० मिलिसेकंद दुसऱ्या कंपनीच्या दहाशी जुळतीलच असे नाही. आकडा पाहून बटण लावणाऱ्याची फसगत होते ती इथे. अटॅकचे महत्त्व फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांच्या प्रयोगातून चांगले कळते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये त्यांनी घंटेच्या मुद्रणातून ठोका पडण्याचा पहिला क्षण काढून टाकला आणि उरलेला नाद वाजवला. घंटेची ओळखच पुसली गेली. वाद्याची ओळख पुष्कळदा त्या पहिल्या काही मिलिसेकंदांत असते. तबल्यावर तर बोलच तिथे असतो. चाटेवरचा ‘ना’ आणि लवेवरचा ‘तिं’ यांच्यातला फरक बराचसा बोट पडण्याच्या क्षणी आणि लगेच नंतर ठरतो. अटॅक एक-दोन मिलिसेकंदांवर आणला तर नेमका तोच क्षण कापला जातो आणि सगळे बोल एका तोंडवळ्याचे होतात. वीस-तीस मिलिसेकंदांवर ठेवला तर बोलाचे टोक सुटते आणि मागची आस दबते.

रिलीजची परीक्षा तंबोरा घेतो. पाश्चात्त्य पॉप गाण्यात ढोबळ नियम असा, की पुढच्या ठोक्यापर्यंत कंप्रेसरने पूर्ण सोडलेले असावे. मिनिटाला १२० ठोके असतील तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंद असतो, त्यात बसेल असा रिलीज. तिथे हा नियम चालतो, कारण लय शेवटपर्यंत तीच असते आणि मागे सतत वाजणारे, एका पातळीवरचे काही क्वचितच असते. ख्यालात दोन्ही गृहीतके कोसळतात. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन मिनिटभर चालते, म्हणजे एका मात्रेला पाच सेकंद. तीच मैफल द्रुतात जाते तेव्हा मात्रा सेकंदाचा लहानसा तुकडा असते. विलंबितासाठी शोभेल असा रिलीज द्रुतात सतत दाबून धरणारा होतो, आणि द्रुतासाठी लावलेला विलंबितात प्रत्येक थापेनंतर तंबोऱ्याला उचलून धरतो. त्यात, रिलीज फार कमी केला तर तिसरेच संकट उभे राहते. पन्नास हर्ट्झच्या खर्जाची एक लहर २० मिलिसेकंदांत पुरी होते. रिलीज त्याच्या आसपास आला की कंप्रेसर गाण्याच्या चढउतारामागे न जाता एकेका लहरीमागे धावू लागतो आणि डग्ग्याच्या घुमाऱ्यात खरखर शिरते. म्हणून ख्यालाचे मिक्स करणाऱ्याने रिलीज लावताना गायकाकडे लक्ष न देता तंबोऱ्याकडेच द्यावे. तंबोरा हलला नाही तर बाकीचे बहुधा सांभाळले गेलेले असते.

जुन्या यंत्रनिर्मात्यांना हा पेच ठाऊक होता. १९६० च्या दशकात आलेल्या टेलिट्रॉनिक्सच्या एलए-२ए या कंप्रेसरमध्ये आवाजाच्या जोरावर एक छोटी पट्टी उजळते आणि तिच्या प्रकाशाने समोरच्या घटकाचा विद्युतरोध बदलतो. त्याला अटॅक-रिलीजची बटणेच नाहीत. निम्मी कपात सुमारे ६० मिलिसेकंदांत सुटते आणि उरलेली सुटायला अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत वेळ लागतो, कारण प्रकाश किती वेळ आणि किती जोरात पडला होता त्यावर त्या घटकाचे सावरणे अवलंबून असते. त्याहून जुना, १९५० च्या दशकाच्या अखेरचा, रेन नार्मा यांनी रचलेला फेअरचाइल्ड ६७०. त्याच्या वेळेच्या बटणाला सहा जागा होत्या. सहाव्या जागेवर तो एकट्या शिखरानंतर ०.३ सेकंदात सोडायचा, लागोपाठ शिखरे आली तर १० सेकंदांत, आणि आवाज सतत मोठा राहिला तर २५ सेकंदांत. एकाच यंत्रात क्षणाचा हिशेब वेगळा आणि प्रसंगाचा वेगळा. या यंत्राची दुसरी खुबी आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. ते तबकड्या कापण्याच्या कामासाठी होते, आणि स्टिरिओ तबकडीच्या खाचेत दोन्ही चॅनलची बेरीज आडव्या हालचालीत उमटते, तर त्यांच्यातला फरक उभ्या हालचालीत. उभी हालचाल मर्यादेबाहेर गेली की सुई खाचेबाहेर उडायची भीती. म्हणून ६७० मध्ये डावे-उजवे सोडून बेरीज आणि फरक यांवर वेगवेगळे लक्ष ठेवण्याची सोय होती. त्या काळी डिटेक्टरने कुणाचे ऐकायचे ते खाच आणि सुई ठरवायची. आज ते कानाने ठरवायला हवे.

आता डिटेक्शन आणि वेळ एकच का, ते आकड्यांत पाहू. दोन मोनो कंप्रेसर तारेने जोडून स्टिरिओ करणे ही स्टुडिओतली जुनी पद्धत. समजा दोघांनाही एकच डिटेक्टर हुकूम देतो, पण बटणे वेगळी राहिली आहेत: डावीकडचा रिलीज १०० मिलिसेकंद, उजवीकडचा ४००. दोघांनीही बरोबर ६ डेसिबल कापले. थाप संपल्यावर २०० मिलिसेकंदांनी डावीकडे जेमतेम ०.८ डेसिबलची कपात उरते, उजवीकडे ३.६ ची. फरक जवळजवळ तीन डेसिबल. कान एकाचाच दिला, हुकूम एकच सोडला, तरी गायक सरकला, आणि सरकून सावकाश परत आला. लिंक म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येक क्षणी सारखीच कपात. त्यात ‘प्रत्येक क्षणी’ हे शब्द गाळले तर लिंक नावापुरताच उरतो.

याच्या उलट बाजूनेही एक रास्त आक्षेप येतो. मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचे शेवटचे काम, करणारे पुष्कळ अनुभवी लोक लिंक मुद्दाम तोडतात. त्यांचे म्हणणे असे, की उजवीकडे एक कडक थाप पडली म्हणून डावीकडचे सगळे का दाबायचे? लिंक तोडला की मिक्स मोकळे आणि रुंद वाटते. हे म्हणणे खोटे नाही, आणि ते का खरे ठरते ते पाहिले तर माझा मुद्दा बळकटच होतो. आवाज कुठून आला ते ठरवणारी आपली श्रवणयंत्रणा जागेतला बदल टिपण्यात मंद असते. काही मिलिसेकंदांपुरता पातळीचा फरक पडला तर तो जागा सरकल्यासारखा जाणवत नाही. शंभर-दोनशे मिलिसेकंद टिकलेला फरक जाणवतो. म्हणून शिखरे छाटणारा अतिजलद लिमिटर प्रत्येक चॅनलवर स्वतंत्र चालला तरी चित्र हलत नाही, आणि तेच स्वातंत्र्य अर्ध्या सेकंदाच्या रिलीजला दिले तर चित्र डुलू लागते. लिंक किती हवा याचे उत्तर वेळेत दडलेले आहे. उपकरणे बनवणाऱ्यांनी हे केव्हाच ओळखले. एपीआय २५०० या कंप्रेसरवर लिंक पूर्ण किंवा अजिबात नाही असा नसून मधल्या टक्केवारीच्या पायऱ्यांनी लावता येतो. फॅबफिल्टरच्या प्रो-एल २ या लिमिटरमध्ये तर लिंकची बटणेच दोन आहेत: एक क्षणिक शिखरांसाठी, दुसरे रिलीजसाठी.

आणखी एक आक्षेप सामान्य रसिकाचा. आता गाणी ऐकवणारी ॲप स्वतःच सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणतात, मग कंप्रेसरची एवढी चिकित्सा कशाला, किंबहुना कंप्रेसर हवाच कशाला? ॲप करते ते एवढेच, की संपूर्ण गाणे एका ठरावीक प्रमाणात वर किंवा खाली करते. गाण्याच्या आतले चढउतार, दबणारा तंबोरा, सरकणारा गायक जसेच्या तसे राहतात. उलट आवाज जास्तीत जास्त चढवण्याची चढाओढ निरर्थक झाल्यामुळे आतले दोष लपवायला जागा उरलेली नाही. आणि कंप्रेसर नकोच म्हणणाऱ्यांनी खर्जातली कुजबुजती आलापी आणि तार सप्तकातली तान यांच्यातले अंतर लोकलच्या डब्यात इअरफोनवर ऐकून पाहावे. जुने ध्वनिमुद्रक हे अंतर फेडरवर बोट ठेवून कमी करत. त्या बोटाखाली दोन्ही चॅनल एकत्र असत आणि ते बोट गाण्याच्या ओघाने हलत असे. चांगल्या कंप्रेसरकडून वेगळे काही मागायचे नसते. कित्येक यंत्रांत आता स्वयंचलित रिलीज असतो आणि तो लय बदलणाऱ्या संगीतात खरोखर उपयोगी पडतो. पण आवाज किती वेळ मोठा राहिला एवढेच तो पाहतो. गायकाचे ऐकायचे की डग्ग्याचे, हे त्याला कुणीतरी सांगावेच लागते.

राहिला फोनचा प्रश्न. बहुतेक लोक फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकतात, तिथे स्टिरिओ कुठे उरतो, असे कुणी म्हणेल. स्पीकर एकच असला की दोन्ही चॅनल एकत्र होतात, आणि लिंक नसल्याची किंमत तिथेही मोजावी लागते, फक्त वेगळ्या रूपात. मघाचेच उदाहरण घ्या. उजवा चॅनल ६ डेसिबलने खाली गेला की गायकाचे दोन सारखे हिस्से एक अधिक एक न राहता एक अधिक अर्धा होतात. बेरीज दोनावरून दीडवर येते, म्हणजे गायक अडीच डेसिबलने खाली. डावीकडचा तंबोरा होता तिथेच. म्हणजे प्रत्येक थापेला गायक तंबोऱ्याच्या मागे जातो आणि पुन्हा पुढे येतो. लिंक केलेल्या मिक्समध्ये दोघे एकदमच खाली जातात आणि एकदमच वर येतात, आणि रिलीज नीट लावलेला असेल तर ते खाली-वर होणेही त्या छोट्या स्पीकरवर ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही.